आधी पन्नास जळवा बांधा, मग प्रकल्प लिहा!

हॉस्टेलच्या आमच्या खोलीत एका टेबलावर तिघांचं सामान असतं. माझ्या वाट्याच्या दीड फुटात सध्या एक छोटा व्हाइस, कोंबडीची काळी पिसं, जळालेल्या मोटरची तांब्याची तार, पितळी मणी आणि शिवणाचा दोरा असा संसार मांडलेला आहे. माझ्या रूममेटचं ठाम मत आहे की मी करणी करतो. शेजारच्या खोलीतला एक जण तर पेपरच्या आदल्या रात्री येऊन "एम-थ्री निघेल का बघ की बे" म्हणून गेला. रेक्टर सर राउंडला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" मी खरं तेच सांगितलं, "सर, जळू बांधतोय." सर जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी उकळून पीत जा."

तर मित्रांनो, ही जळू पाण्यातून येत नाही. ती गळावर दोऱ्याने बांधतात. या जळूने मला चार सेमिस्टरच्या वर्कशॉपने शिकवलं नाही ते शिकवलं आणि वर आमच्या ग्रुपच्या बक्षीसपात्र प्रकल्पाची हवाही काढून घेतली. ती कशी, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर. १९८० साली धरण झालं, भीमेचं पाणी मागे चढलं आणि आमच्याकडची बरीच माणसं शेतकऱ्याची मच्छीमार झाली. त्यामुळे जाळं, होडी, चिलापी हे शब्द मला बाराखडीच्या आधी आले. पण फ्लाय हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो सेकंड इयरला. नात्यातल्या एका दादाने कॅनडाहून येताना एक डबी आणली होती. उघडली तर आत पिसांचे, लोकरीचे किडे! प्रत्येकाच्या पोटात एक गळ दडलेला. फ्लाय म्हणजे माशी, पण त्यात माशीच असते असं नाही. पाण्यातल्या अळ्या, चतुराची पिल्लं, छोटे मासे, जळवा अशा सगळ्यांच्या नकला फ्लाय म्हणूनच ओळखल्या जातात. मामाला दाखवलं तर म्हणाला, "मासा धरायला माशी? आणि धरून सोडून देतात म्हणे. सोडायचा तर धरायचा कशाला?" याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. मी धरलेली चिलापी आमच्याकडे कालवणातच जाते.

नेहमीच्या गळात आणि यात फरक काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावतात आणि दोरीला वजन बांधून ते लांब फेकतात. फ्लाय इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते, ती चाबकासारखी फिरवून सोडायची आणि तिच्या शेपटाला फ्लाय जाते. मासा वासाला नाही, तर रूपाला आणि हालचालीला फसतो. म्हणजे सगळी मदार बांधणाऱ्याच्या हातावर.

हे काही कालचं खूळ नाही. ईलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, वर कोंबड्याची दोन पिसं लावतात आणि मासे धरतात. आपल्याकडची गोष्ट तर आणखी जवळची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० साली 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्याचं प्रकरण आहे. कुठला मासा कुठे राहतो, काय खातो, दोरी, काठी आणि गळ कसा असावा, याचा त्यात सविस्तर विचार केलेला आहे. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूरपासून काही तासांवर. मुंबईच्या पवई तलावावर गळवाल्यांची संस्था १९३६ पासून आहे. थोडक्यात, गळ टाकून बसणं हा फक्त रिकामटेकड्यांचा उद्योग नाही, राजानेसुद्धा त्यावर प्रकरण लिहिलंय. (ही ओळ मी घरी पाठ करून म्हणून दाखवली. फारसा उपयोग झाला नाही.)

जळूच का?

त्या डबीतली एक फ्लाय कुरतडलेली होती. मी तीच ब्लेडने उघडली. इंजिनिअर माणूस, खोलल्याशिवाय चैन कुठलं! दोरा उलटा सोडत गेलो. आधी डोक्यावरच्या गाठी निघाल्या, मग लोकर, मग तार, मग शेपटीचं पीस आणि शेवटी उघडा गळ, त्याच्यावर मणी. सगळे मिळून पाच भाग. मला वाटलं, एवढंच? गिअरबॉक्स तर नाही ना!

ही होती जळूची फ्लाय, वजन भरलेली. तळ्यातल्या खऱ्या जळवा तुम्ही पाहिल्या असतील. म्हशीच्या पायाला चिकटलेली तेवढीच जळू आपल्याला माहीत असते, पण गोगलगायी नाहीतर किडे खाऊन राहणाऱ्या जळवाही असतात आणि माशांना त्या आवडतात. जळू पोहते ती सापासारखी डावी-उजवी नाही, खाली-वर लाटा काढत. कापडाची पट्टी वाऱ्यावर फडफडावी तशी. ही चाल नकलेत आणायची म्हणजे शेपूट मऊ हवं आणि डोकं जड हवं.

इथे वजनाचा खरा खेळ सुरू होतो. नदीत प्रवाह असतो, तो फ्लायला हलवतो. तळ्याचं पाणी उभं असतं, तिथे फ्लायला जीव यायचा तो दोन गोष्टींनी: तुम्ही दोरी ओढता त्याने आणि ओढणं थांबवल्यावर फ्लाय बुडते त्याने. वजन डोक्यात असेल तर ओढल्यावर डोकं वर येतं आणि थांबलात की नाक खाली करून ती बुडते. वर, खाली, वर, खाली. झाली जळू! तेच वजन पूर्ण अंगभर पसरून गुंडाळलं तर फ्लाय आडवीच्या आडवी खाली जाते, एखादी काडी बुडावी तशी. वजन तेवढंच, पण जागा बदलली की चाल बदलली. गुरुत्वमध्य हा शब्द मी अकरावीपासून लिहीत आलो, मार्कही घेतले. तो मला दिसला मात्र हॉस्टेलच्या बादलीत.

आता थोडं गणित, कारण मासिक शेवटी इंजिनिअरिंग कॉलेजचं आहे. ४ मि.मी. व्यासाचा भरीव मणी धरा. घनफळ साधारण ३३.५ घन मि.मी. पितळेची घनता ८.५, म्हणजे वजन ०.२८ ग्रॅम. शिशाची ११.३, वजन ०.३८ ग्रॅम. टंगस्टनची १९.३, वजन ०.६५ ग्रॅम. (मण्याला भोक असतं, म्हणून खरे आकडे थोडे कमी.) आर्किमिडीजबाबाची वजावट प्रत्येकाला तीच, ०.०३. पाण्यात उरलं पितळेचं ०.२५ आणि टंगस्टनचं ०.६१, म्हणजे जवळजवळ अडीचपट. मग टंगस्टनची जळू अडीचपट वेगाने बुडेल का? नाही! पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून बुडण्याचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. अडीचचं वर्गमूळ सुमारे १.६. महागडा मणी घेऊन फायदा दीडपटीच्या जरा वर. शेपटीला पिसं जास्त लावलीत तर तोही गेला, कारण झुपका छत्रीसारखा पाणी धरतो. लॅबमधल्या पारदर्शक पाइपात मोबाइलवर वेळ लावून मी हे करून पाहिलं. मीटरभर पाण्याला पितळेच्या जळूला पाच सेकंद लागले, टंगस्टनच्या जळूला तीनच्या जरा वर. पुस्तक खरं बोलतं, हे पाहून फार बरं वाटलं.

शिशाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: वापरू नका. शिसं स्वस्त असतं, मऊ असतं, गळावर छान गुंडाळतं, हे सगळं मान्य. पण फ्लाय तुटते, बाभळीच्या बुडालेल्या फांदीत अडकते आणि तिथेच राहते. पाणपक्षी पोटात दळणासाठी खडे गिळतात, त्यात शिशाचे तुकडे गेले की ते विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये राजहंस मरायला लागले म्हणून १९८७ साली गळाच्या छोट्या शिसाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या उजनीवर भिगवणला रोहित पक्षी येतात, हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात बदकं उतरतात. त्यांच्या पोटात आपलं शिसं कशाला? तांब्याची तार आहे की! रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरची मागा, मूठभर मिळते. तांब्याची घनता सुमारे ९. हिशेब सोपा: त्याच जाडीच्या शिशाच्या तारेचे चार वेढे, तिथे तांब्याचे पाच.

अक्का आणि धरलेलं बोट

आता मुख्य गोष्ट. पाच भाग उघडणं सोपं होतं, बांधणं नव्हतं. माझ्या पहिल्या वीस जळवांपैकी एकही धड नव्हती. कधी दोरा तुटायचा. कधी मणी डोळ्यावरून निसटून जमिनीवर, आणि मग आम्ही तिघं कॉटखाली. पण सगळ्यात मोठी कटकट शेपटीची. पीस गळाच्या बरोबर वर धरून दोऱ्याचा वेढा टाकावा, ओढावा, की पीस दोऱ्याबरोबर फिरून गळाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसायचं. तिरकी शेपूट म्हणजे पाण्यात भोवऱ्यासारखी गरगर फिरणारी जळू. अशी जळू पाहून मासा पळून जाईल.

आमच्या हॉस्टेलच्या बऱ्याच पोरांना डबा येतो तो गोदूताई परुळेकर वसाहतीतून. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कुंभारी म्हणजे अक्कलकोट रस्त्यावरचं गाव, आणि गावाला लागून बिडी कामगार बायकांची ही दहा हजार घरांची वसाहत. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. पलीकडे असंघटित कामगारांचं रे नगर उभं राहिलं, तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. आपण क्लासला, बसला, वडापावला रोज याच वस्तीवरून जातो. किती जण आत गेलोय, हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो. डब्याचे पैसे द्यायला दारापर्यंत. बस्स.

त्या दिवशीही पैसेच द्यायला गेलो होतो. आमच्या डब्यावाल्या अक्का मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. हात चालू आणि नजर टीव्हीवर. भिजवलेलं पान, साच्याच्या मापाने कापलेलं, चिमूटभर तंबाखू, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, खट्‌! मी नुसता बघत राहिलो. ती दोरा ओढते तेव्हा पान फिरत कसं नाही? माझं पीस तर दर वेळी फिरतं!

खिशातली तिरकी जळू काढून मी त्यांना दाखवली. आधी त्या हसल्या. मग हातात घेऊन नखाने शेपूट ढकलून पाहिली आणि म्हणाल्या, "लेकरा, तू दोरा ओढतोस, पण धरतोस कुठं? ओढायचं या हातानं, आणि धरायचं त्या हातानं. दोरा बसेपर्यंत धरलेलं बोट सोडायचं नाही. बोट ढिलं पडलं की पान फिरतंय."

दोन बोटांच्या चिमटीत पीस आणि गळ दोन्ही धरायचे, दोऱ्याचा वेढा त्या चिमटीच्या आत ढिला न्यायचा आणि मग सरळ खाली ओढायचा. नंतर कळलं, फ्लाय बांधणाऱ्यांत याला पिंच रॅप म्हणतात आणि नवशिक्याला आधी हेच शिकवतात. अक्कांना ते नाव माहीत नव्हतं. काम माहीत होतं. आणि दोऱ्याच्या ताणाबद्दल म्हणाल्या, "तुटायच्या एक केस आधी थांबायचं." मी विचारलं, ते कळायचं कसं? "तुटलं की कळतंय. आमचे पहिले दोन महिने तुटण्यातच गेले."

एकविसाव्या जळूची शेपूट सरळ बसली. कुणाला करून पाहायचं असेल तर क्रम असा. मणी आधी गळात ओवा, डोळ्यापर्यंत न्या. तांब्याचे दहा-बारा वेढे देऊन ते मण्याच्या मागे घट्ट सारा, म्हणजे वजन डोक्याकडेच राहील. दोऱ्याचा पाया द्या. शेपटीला चिकन सेंटरवरून आणलेलं, शाम्पूने धुऊन वाळवलेलं मऊ पीस लावा. देठाजवळचं, कापसासारखं असतं ते. लांबी गळाच्या दांड्याएवढी, जास्त नको, नाहीतर मासा शेपूटच चावून जातो. अंगाला काळी किंवा तपकिरी लोकर. सुती धागा चालेल असं वाटतं, पण भिजला की तो चिपकून बसतो, जीव जातो. त्यावर बारीक तांब्याची तार उलट्या दिशेने गुंडाळा, लोकर सुटत नाही. शेवटी मण्याच्या मागे गाठी. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडायचा असेल तर त्याला बरं आणि बोटात घुसला तर तुम्हाला बरं. (अनुभव आहे.)

आणि तळ्यावर जाण्याआधी विचारा. आपल्या भागात तळ्यांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांचं पोट त्यावर आहे, आपला छंद आहे. परवानगी न घेता गळ टाकणं ही हौस नव्हे, चोरी आहे.

बक्षीस आणि चार प्रश्न

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख छंदाच्या पानावर गेला असता. पण मी थांबलो नाही. कॉलेजच्या प्रोजेक्ट स्पर्धेत 'समाजोपयोगी कल्पना' असा विभाग होता. माझ्या डोक्यात दिवा पेटला. अमेरिकेत एक फ्लाय दोन-तीन डॉलरला जाते. इथे हजारो बायका दोऱ्याच्या कामात तरबेज. तंबाखूची धूळ नाकात जाण्यापेक्षा पिसं बांधणं कधीही चांगलं. आम्ही चौघांनी रात्रभर जागून पोस्टर केलं: 'बिडी कामगार महिलांसाठी पर्यायी रोजगार: फ्लाय बांधणी'. दिवसाला हजार बिड्या वळतात, म्हणून दिवसाला हजार फ्लाय, गुणिले दोन डॉलर... उत्तर इतकं मोठं आलं की कॅल्क्युलेटर बिघडला की काय असं वाटलं! दुसरं बक्षीस मिळालं. टाळ्या पडल्या. फोटो निघाला.

पेढे घेऊन मी अक्कांकडे गेलो आणि मोठ्या उत्साहाने पोस्टरचा फोटो दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हात थांबला नाही. मग त्यांनी चार प्रश्न विचारले.

"ते एक बांधायला तुला किती वेळ लागतंय?" मी म्हटलं, बारा मिनिटं. हात बसला तर सहा होतील. त्या म्हणाल्या, "मग हजार कुठनं?" बरोबर. हजार बिड्या आठ तासांत म्हणजे बिडीला अर्धा मिनिट पण नाही. सहा मिनिटांची फ्लाय आठ तासांत ऐंशीच. आमच्या गुणाकारातली पहिली संख्याच चुकीची होती आणि परीक्षकांसह कुणालाही ते दिसलं नव्हतं.

"गळ, मणी कोण देणार? आम्ही आणायचं की कारखाना देणार?"

"छाट किती?" बिडीच्या धंद्यात माल तपासताना वाईट म्हणून बाजूला काढतात त्याला छाट म्हणतात. त्याचे पैसे मिळत नाहीत, पान-तंबाखू आणि वेळ गेला तो गेला. तिरकी शेपूट असली तर कोण ठरवणार ती छाट आहे की नाही? सातासमुद्रापलीकडचा गिऱ्हाईक? आमच्या पोस्टरवर 'छाट' हा शब्दच नव्हता. क्वालिटी कंट्रोलचा चार्ट मात्र होता, रंगीत.

चौथा प्रश्न त्यांनी सगळ्यात हळू विचारला. "आणि हे तू कुणाला विचारून लिवलास?"

मी गप्प. पेढ्यांचा बॉक्स हातात तसाच.

हे काही स्वप्नातलं काम नाही, जगात चालतं. केनियात इंग्रजांच्या अमदानीत फ्लाय बांधण्याचा धंदा सुरू झाला आणि तिथल्या बायका वर्षानुवर्षं युरोप-अमेरिकेसाठी फ्लाय बांधत आल्या आहेत. ज्यांनी कधी फ्लायने मासा धरला नाही त्यांच्या बोटांवर हा निर्यातीचा धंदा उभा राहिला. म्हणजे कल्पना अशक्य नाही. पण तिथेही दोन डॉलरची फ्लाय बांधणाऱ्या हाताला दोन डॉलर मिळत नाहीत. मधे व्यापारी, जहाज, दुकान, जकात असतात. आमच्या पोस्टरने हे सगळे एका बाणात उडवून टाकले होते.

माझं म्हणणं

म्हणून माझं म्हणणं, आणि ते आधी स्वतःलाच लागू आहे. आपण इंजिनिअरिंगची पोरं दुसऱ्याच्या हाताच्या कामावर फार लवकर उपाय काढतो. ज्या कामाला आपण 'अकुशल' म्हणतो ते आपण स्वतः एकदा तरी करून पाहिलेलं असतं का? वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब आपण बाहेरून करून आणतो (नावं घेत नाही!), आणि मग शेवटच्या वर्षाला दुसऱ्याच्या हाताला पर्याय शोधतो. मी वीस जळवा बिघडवल्या म्हणून मला अक्कांच्या बोटाची किंमत कळली. पोस्टर आधी लिहिलं असतं आणि जळू कधीच बांधली नसती, तर आजही मला वाटलं असतं की कल्पना झकास होती, समाजच मागासलेला आहे.

काही मित्र म्हणतात, "मग काय, बिड्याच वळत बसू देत?" तसं मुळीच नाही. बिडीचं काम वाईटच आहे. अक्का स्वतः सांगतात, "माझ्या पोरीनं सूप मांडीवर घ्यायचं नाही." पोरगी डिप्लोमाला आहे, तिचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि तिच्या फीचा हिशेब अक्का हजार-हजार बिड्यांनी करतात. पर्याय हवाच. पण पर्याय असा हवा, ज्यात हिशेब करताना ती माणसं समोर बसलेली असतील. पोस्टरवरच्या चित्रात नव्हे, टेबलाच्या पलीकडे.

दुसरे काही जण म्हणतील, इंजिनिअरने हाताने काम करायचं दिवस गेले, आता मशीन आहे, सॉफ्टवेअर आहे. मान्य. पण फ्लाय आजही माणूसच बांधतो. पीस दर वेळी वेगळं असतं, आणि तुटायच्या एक केस आधी थांबणं हे बोटालाच कळतं. उद्या कुणाला त्याचं मशीन करायचं असेल, तरी त्याला आधी त्या बोटाकडेच जावं लागेल.

तेव्हा सगळ्या स्टाफपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे तीन साध्या सूचना ठेवतो.

एक, वर्कशॉपच्या तासांपैकी वर्षातून दोन तास आपल्या शेजारच्या कारागिरांना द्यावेत. बिडी वळणाऱ्या अक्का, यंत्रमागावरचा कामगार, रिवाइंडिंगवाले काका. त्यांना 'भेट' म्हणून नारळ-शाल नको. पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढं मानधन द्यावं आणि पाटीवर नाव लिहावं.

दोन, समाजोपयोगी प्रकल्पाच्या अर्जात एक रकाना वाढवावा: 'हे काम तुम्ही स्वतः किती वेळा केलं? ज्यांच्यासाठी आहे त्यांना कधी विचारलं?' रकाना रिकामा असेल तर प्रकल्प परत. आमचासुद्धा.

तीन, माझ्या बक्षिसाच्या रकमेतून दोन व्हाइस आणि गळांचं पाकीट आणलं आहे. रविवारी सकाळी नाश्त्यानंतर मेसच्या मागच्या कट्ट्यावर मी बसतो. ज्याला जळू बांधायची असेल त्याने यावं. पिसं धुऊन ठेवलेली आहेत, शिसं मिळणार नाही. पन्नास होईपर्यंत कुणीही स्टार्ट-अपचं नाव काढायचं नाही!

माझ्या आतापर्यंत त्रेचाळीस झाल्या. गेल्या रविवारी अक्कांना एकेचाळिसावी दाखवली. त्यांनी ती उलटी धरली, शेपूट ओढली, मण्यामागची गाठ नखाने खरवडली आणि बाजूला ठेवली.

मी विचारलं, "छाट?"

म्हणाल्या, "राहू दे. चालंल."

दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसापेक्षा हे दोन शब्द मला जास्त वाटतात.